कढीपत्त्याखाली पुरलेला चष्म्याचा रुमाल

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर (तू औरंगाबादच म्हण, पत्र पोचल्याशी मतलब)

धाकटी बहीण वच्छला, मुक्काम वैजापूर, हिला थोरल्या द्वारकेचा आशीर्वाद. मागितला नसलास तरी घे.

तू खुशाल असशील असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल नाहीस हे मला ठाऊक आहे. मागल्या आठवड्यात तू चहात मीठ घातलंस आणि मीटर बघायला आलेल्या माणसाला तुझा लेक फकिरा समजून जेवायला बसवलंस. तो बिचारा जेवला पण. डॉक्टरचं नाव काढलं की तू फोनवर 'आवाज येत नाय' म्हणतेस, म्हणून पत्र लिहायला घेतलं. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, वाकडी आहेत, पण तुला कुठं दिसणार? वाचणार तुझी सून. (तनुजा, बाई, हे असं गोल रेघेत घातलेलं मनात वाच, मोठ्यानं नको. सासूचा पारा चढेल.)

माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. दुखलं नाय. दुखलं असतं तर मी अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं. पट्टी काढली आणि आधी घरातली धूळ दिसली. सुनेला वाटत होतं सासूला दिसत नाय, तोवर झाडू सोफ्याच्या अलीकडूनच फिरत होता. मग आरसा बघितला तर आपली आई उभी. म्हटलं, हिला कुणी बोलावलं? बारीक अक्षरासाठी चष्मा मात्र लागला, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

आमच्या सोमनाथचा पोरगा अभय, त्यानं दसऱ्याला छावणीत चष्म्याचं दुकान टाकलं हे तुला ठाऊक आहे. पोरगं गुणाचं आहे. पण दुकान नवीन, आजूबाजूला जुनी दुकानं, गिऱ्हाईक ओढायला काहीतरी हिकमत पाहिजे. तर यानं प्रत्येक चष्म्यामागं एक खोका फुकट द्यायला काढला. खोक्यात शंभर पुड्या, प्रत्येक पुडीत घडी घातलेला ओला रुमाल, दवाखान्यासारखा वास येणारा. पुडी फाडायची, काच पुसायची, फेकून द्यायचं. खोक्यावर हिरवं पान छापलेलं. माल देणाऱ्यानं अभयला सांगितलं, ह्याची माती होते. अभयनं विश्वास ठेवला आणि दुकानात पाटी लावली, 'आमचे रुमाल मातीत मिसळतात.'

पहिला खोका मला दिला. आता तू सांग, एकदा वापरून फेकायची वस्तू आपण जन्मात कोणती बघितली? पत्रावळ. आणि ती पण फेकली की म्हैस खायची. मी रुमाल वापरला, धुतला आणि दोरीवर वाळत घातला. आठ दिवसांत दोरीवर अठरा रुमाल. शेजारीण विचारते, घरात बाळंतीण आहे का? अभय म्हणाला, "आजी, इज्जत घालवू नको, ते टाकायचे असतात." म्हटलं, टाकते. टाकायचे कुठं, हे काय त्यानं सांगितलं नाय.

सकाळी घंटागाडी आली. कडुबा म्हणून माणूस आहे तिच्यावर, पाचोडकडचा, तोंडानं फटकळ, माझ्यासारखाच. त्यानं रुमाल उचलून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "आजी, कुजत नाय म्हणून हा खतात चालत नाय. कापडासारखा दिसतो, पण आत सगळे प्लास्टिकचे धागे. भंगारवाला बी हात लावत नाय." पुडी दाखवली तर ती त्याहून वाईट. बाहेरून कागद, मधे प्लास्टिक, आतून चांदीसारखा पत्रा, आणि तिघं असे चिकटलेले की आपल्या आप्पासाहेब काकाच्या पोरांची वाटणी त्यापेक्षा लवकर झाली. वेगळे केल्याशिवाय कुणी घेत नाय, आणि वेगळे होत नायत. कडुबा म्हणाला, "हे शेवटी डोंगरावर जातं." मला वाटलं देवाच्या. तो कचऱ्याच्या डोंगराचं बोलत होता.

पण कडुबावर तरी विश्वास का ठेवावा? त्याच्याकडं पान छापलेलं नाय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी गच्चीवरल्या कढीपत्त्याच्या बादलीत तीन वस्तू पुरल्या. केळीची साल, माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि हा रुमाल. वर खूण म्हणून चमचा खोचला. (सून अजून तो चमचा शोधते आहे. बोलू नकोस.) रोज पाणी घातलं. पाडव्याला उकरलं. सालीचा पत्ता नाय. लुगड्याचे चार धागे उरलेले, त्यातही गांडूळ बसलेलं, मालकासारखं. आणि रुमाल? जसाच्या तसा. झटकला, धुतला, त्यानंच चष्मा पुसला. लख्ख दिसलं, वच्छे. सगळंच लख्ख दिसलं.

इथं माझं चुकलं. ते घरी सांगायचं होतं. मी तडक रिक्षा केली आणि छावणीत गेले. पाडव्याची गर्दी, दुकान भरलेलं. काउंटरवर एक रिटायर सुभेदार बसलेले, हातात खोका. मी पिशवीतून रुमाल काढला आणि पाटीखालीच उभी राहून सांगितलं, "ढाई महिने मिट्टी में था, देखो, सुरकुती भी नहीं पडी." सुभेदारांनी रुमाल बघितला, पाटी बघितली, खोका काउंटरवर परत ठेवला. मागून एका बाईनं ठेवला. मग तिसऱ्यानं. कुणी भांडलं नाय, तेच वाईट. अभय स्टुलावर चढला आणि पाटी उतरवली. पाटी उतरवताना पोराचे कान लाल झालेले मला दिसले. ऑपरेशन झालं नसतं तर दिसले नसते.

त्यानंतर नऊ दिवस माझ्याशी बोलला नाय. मी वाढलं तर पोट भरलंय म्हणायचा, आईनं वाढलं तर जेवायचा. मी खोटं बोलले, असं मी आजही कबूल करणार नाय. पण फसला होता तो, फसवत नव्हता, आणि मी दोन्ही एकाच मापानं मोजलं. दुकान तर त्याचंच आहे ना. त्या नऊ दिवसांत एकदाच, माझ्याकडं न बघता, भिंतीला बोलल्यासारखं बोलला, "मग लोकांनी पुसायचं कशानं?"

भिंतीला उत्तर येत नव्हतं, मला येत होतं. लुगड्यानं. आधी नळाखाली काच धरायची, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग जुन्या सुती लुगड्यानं टिपायची. पन्नास वेळा धुतलेल्या लुगड्याइतकं मऊ काय असतं? मी चार चौकोन कापले, कडा दुमडून शिवले, त्याच्या ताटाशेजारी ठेवले आणि देवळात निघून गेले. परत आले तर ताट रिकामं, माझ्या हातची भाजी संपलेली, आणि तिथं चिठ्ठी. एवढंच लिहिलेलं, 'पन्नास पाहिजेत.'

म्हणून तुला पत्र. माझी लुगडी सुनेनं बोहारणीला देऊन भांडी घेतली. तुझी पेटी मला ठाऊक आहे, तू चिंधी पण सोडत नाहीस. जुनी, विरलेली, सुती बघून दे. काठ नकोत. ते निळं पण दे, जे माझं आहे आणि जे तुला चाळीस वर्षं सापडत नाय.

तुझी थोरली,
द्वारका

ता. क. लुगडी कुणाच्या हाती पाठवू नकोस. तूच घेऊन ये, नायतर नवीकोरी फाडली म्हणून जन्मभर ऐकवशील. गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघ. तनुजा सोबत येईल, गाठोडं धरायला.

दुसरा ता. क. मागल्या पानावर लोणच्याचं प्रमाण लिहिलंय, ते फक्त तनुजासाठी. तुझं लोणचं खारटच होतं, तू ऐकू नको.

(तनुजा, लोणचं बिणचं काही नाय. माझी सात लुगडी पेटीत आहेत, सून बिचारी हातही लावत नाय त्यांना. अभय आता बोलतो. चिठ्ठीनंतर तोंडानं पहिलं वाक्य काय बोलला तर, "वैजापूरच्या आजीचा नंबर लावू का डॉक्टरकडं?" गुरुवारी अकराला लावलाय. डोळ्यांसाठी ती येणार नाय, लुगड्यांसाठी येईल. स्टँडवर विचारलं तर लुगडी द्यायला चाललो म्हण. जुने रिपोर्ट गाठोड्याच्या तळाला घाल. आणि निळं लुगडं पेटीतच राहू दे. तिची पट्टी सुटली की वैजापूरला येऊन तिच्यासमोर पेटी उघडते, बघते मग कसं सापडत नाय.)