‘पांढरा बगळा’ फुटल्यावरचा माझा कारभार

९ मे १६५१. दुपार.
जहाज फुटलं. आपला ‘पांढरा बगळा’ पहाटे पोवळ्याच्या खडकावर चढला आणि मधोमध मोडला. कंपनीचं बंदर बटाव्हिया अजून लांब. जे वाचले ते या बेटावर. बेट म्हणजे वाळू, झुडपं आणि पक्ष्यांची घाण. जहाजाचे प्रमुख, म्हणजे मोठे व्यापारी, बुडाले. कॅप्टन एकुलती एक धड होडी घेऊन मदत आणायला बटाव्हियाला गेले. जाताना मला म्हणाले, “योरिस, आता उपव्यापारी म्हणून तूच मोठा. सांभाळ.” म्हणजे प्रमुख मी. फेन्नाला हे सांगितलं. ती ओला घागरा पिळत होती. म्हणाली, “बरं. मग आधी पाण्याची पिंपं वर ओढून घे, लाटा येतायत.” आनंद झाला की माझी बायको असंच बोलते.

१० मे.
लोकांपुढे भाषण केलं. देव, शिस्त आणि काटकसर. शिस्तीपर्यंत येईतो निम्मे लोक पक्ष्यांची अंडी शोधायला गेले. उरलेले झोपले. मनाला शांती मिळाल्याशिवाय अशी झोप लागत नाही.
पाणी फेन्ना वाटते, माझ्या वतीने. लोक थेट तिच्याकडेच जातात. मला त्रास नको म्हणून.

१३ मे.
आज तांडेल वोल्फर्ट येऊन बसला. खलाशी याच्या शब्दाबाहेर नाहीत. मला ‘साहेब’ म्हणणारा बेटावर हा एकटाच. म्हणाला, खाऱ्या हवेने बंदुका गंजतील, माझ्या माणसांकडे द्या, तेल लावून नीट ठेवतो. किती बारीक लक्ष.
फेन्ना म्हणाली, “चोराच्या हाती किल्ल्या देतोयस, योरिस.” तिला समजावलं की विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो. राजकारण हा तिचा प्रांत नाही.
बंदुका दिल्या. मनावरचं ओझं उतरलं.

१५ मे.
काही लोक याला बंड म्हणतायत. मी घाईने तो शब्द वापरणार नाही. वोल्फर्टच्या माणसांनी पाण्याची पिंपं ताब्यात घेतली. एक सुतार आडवा गेला. त्याला मारलं. म्हणजे ठारच मारलं. वाईट झालं.
मी वोल्फर्टकडे जाऊन नापसंती कळवली. त्याने टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साहेब, म्हणूनच आम्हाला गव्हर्नर पाहिजे. तुम्ही व्हा.” आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या पेटीतला लाल मखमली अंगरखा माझ्या अंगावर चढवला.
नाही म्हणणं सोपं होतं. पण आत राहूनच माणसं वळवता येतात. अंगरख्याच्या बाह्या लांब आहेत.

१६ मे.
फेन्ना गेली. शिडं शिवणारा म्हातारा बार्थेल, दोघं-चौघं सुतार, बायका आणि आजारी माणसं, असे सगळे तराफ्यावर बसून पलीकडच्या उंच बेटावर गेले. वोल्फर्ट हसला. म्हणाला, जाऊ देत, तेवढंच पाणी वाचेल, तिकडे तर थेंब नाही.
निघताना फेन्ना माझ्याकडे आली. “चल,” एवढंच म्हणाली. मी म्हणालो, गव्हर्नरने जागा सोडून कसं चालेल? तिने माझ्या बाह्या मनगटापर्यंत दुमडून दिल्या आणि गेली.
रुसली आहे. येईल.

२४ मे.
पलीकडे रोज धूर दिसतो. त्यांना तिथे खडकात गोडं पाणी सापडलंय म्हणे. ही व्यवस्था नक्की फेन्नाची. माझ्याकडून शिकलेली.
इकडचं पाणी संपत आलंय. माणसं वाइनवर आहेत, म्हणून तोंड सैल सुटतं. जेवताना मला नुसती सीलची चरबी वाढली. वोल्फर्ट म्हणाला, “गव्हर्नरसाहेबांना मऊच लागतं.” सगळे हसले. मीही हसलो. वरच्या माणसाने मिसळून वागावं.
झोपताना फेन्नाची बाजू मोकळीच ठेवतो. तिथे वारा जरा जास्त लागतो.

३१ मे.
वोल्फर्टची माणसं पाण्यासाठी पलीकडे जाऊन आली. वरून दगडांचा असा मारा झाला की किनाऱ्याला लागताच आलं नाही. आज सगळे चिडलेले. कोणीतरी म्हणालं, त्यांच्या ओळखीचं, विश्वासाचं माणूस पुढे असतं तर. मी लगेच म्हणालो, मी जातो, बोलणी करतो.
वोल्फर्टने कपाळावर हात मारला. म्हणाला, “साहेब, आमच्या टाळक्यात हे आलंच नसतं.”
तर परवा सकाळी आम्ही आमच्या तराफ्यावरून जाणार. सगळ्यांत पुढे मी उभा, लाल अंगरख्यात, म्हणजे लांबून दिसेन. मागे वोल्फर्ट आणि त्याची माणसं. त्यांच्या पायाशी शिडाच्या कापडाखाली चीज आणि बिस्किटं, भेट म्हणून. ही कल्पना वोल्फर्टची. वरवर रांगडा, पण मनाचा नाजूक माणूस.
भाषण तयार आहे. फेन्नासाठी चार वाक्यं वेगळी. मी चुकलो असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, पण तिला ते कळेल.

५ जून. उंच बेट.
हे आधी लिहिता आलं नाही.
ती उतारावरून खाली येत होती. एक हात वर केला होता. मी तोंड उघडलंही नव्हतं.
कापडाखाली चीज नव्हतं.

७ जून.
त्या दिवशी बंदुका झडल्यावर वरून दगड आले. वोल्फर्टची माणसं मागे हटली, दोघं पडले. मी पाण्यात गुडघ्यावर बसलो होतो, मला घ्यायला कोणी थांबलं नाही. इथल्या लोकांनी ओढून काठावर आणलं. फेन्नाला त्यांनी झऱ्याच्या वरच्या बाजूला पुरलंय.
माझ्याशी कोणी बोलत नाही. पाणी मात्र देतात.
मला अजून वाटतं, वोल्फर्टला ऐनवेळी कोणीतरी भडकवलं असावं. नाहीतर बोलणी झाली असती.

१२ जून.
आज बार्थेलला विचारलं, ती खाली का आली? सगळे वर आडोशाला होते, मग तीच का?
तो फाटकं शीड शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “आम्ही दगड उचलले होते. तीच म्हणाली, थांबा, पुढे उभा आहे तो माझा नवरा. मूर्ख आहे, पण खोटा नाही. तो पुढे आहे म्हणजे ते बोलायलाच आलेत. मी जाते त्याला घ्यायला.”
मग म्हणाला, “सरक जरा. उजेड अडतोय.”
मी सरकलो.

६ जुलै.
बटाव्हियाहून जहाज आलं. बार्थेलने तराफ्याने जाऊन ते आधी गाठलं आणि सगळं सांगितलं, त्यामुळे वोल्फर्ट आणि त्याची माणसं लगेच पकडली गेली. कॅप्टनही आलेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. उद्या चौकशी. मी काहीही लपवणार नाही. बंदुका मी दिल्या. अंगरखा मी घातला. तराफ्यावर पुढे मी होतो. जी होईल ती शिक्षा घ्यायची. फाशी असेल तर फाशी. फेन्नासाठी मला करता येईल असं आता एवढंच उरलंय.

७ जुलै.
चौकशी डेकवर झाली. मी उभा राहिलो आणि सुरुवात केली. बटाव्हियाहून आलेल्या जहाजाच्या कमांडरने हात वर करून मला थांबवलं. वोल्फर्टला विचारलं, “हा तुमच्यातला?”
वोल्फर्टच्या हातापायांत बेड्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाला, “हा? नाही, साहेब. याला काही माहीत नव्हतं. खरंच बोलणी करायला चाललोय असं वाटत होतं याला. वाटेभर भाषण घोकत होता. मी उद्या मरणार आहे, खोटं कशाला बोलू?”
कमांडरने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बार्थेलनेही.
मी म्हणालो, पण बंदुका मी दिल्या. कमांडर म्हणाले, “ऐकलं ते. जा, खाली जेवण तयार आहे. पुढचा आणा.”
खाली वाटाण्याचं सूप होतं, डुकराचे तुकडे घातलेलं. एक वाडगं संपवलं. आचाऱ्याने आणखी हवं का विचारलं. मी हो म्हणालो.