मयूरीच्या चेहऱ्याचा भाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मोठी बातमी. आदिलाबादच्या शुभ्रा डेअरीचा मालक प्रवीण कॉलेजच्या ग्राउंडवर आला होता. आमच्या मयूरीची कबड्डीतली रेड बघून गार झाला. त्याला तिचा फोटो ताकाच्या पाकिटावर छापायचा आहे, वर्षभर. बदल्यात दर महिन्याला पैसे. हॉस्टेलचा खर्च त्यात निघतो. कबड्डीच्या प्रतिभा मॅडम म्हणाल्या, चेहरा मयूरीचा, पैसे मयूरीचे, कॉलेज त्यात हात घालणार नाही.

पोरगी नाचतच घरी आली. आबा, आता मी हॉस्टेलले राहीन, म्हणाली. आमच्या नेरडीगोंड्याहून पहिली बस धरली तरी ती पोचेपर्यंत सकाळची प्रॅक्टिस निम्मी झालेली असते. मॅडमनी बजावलं आहे, सकाळी जी नाही ती युनिव्हर्सिटीच्या टीममध्येही नाही.

हो म्हणून टाकते, म्हणाली. मी म्हटलं, थांब. पहिल्या बोलीला माल देणारा माणूस मी नाही. सातवी पास आहे आणि चाळीस वर्षं कापसाच्या मार्केटात उभा राहिलो आहे. आजपासून मी तिचा मॅनेजर.

एक काळजी. ताकाचं पाकीट कात्रीनं उघडतात. म्हणजे रोज सकाळी हजार घरांत माझ्या नातीचं डोकं कापणार. यावर बोलावं लागेल.

४ नोव्हेंबर

चहा घेताना सिद्धांत मांडला. आवक वाढली की भाव पडतो. माल घरात दाबून धरला की व्यापारी दारात येतो.

बायको विमल म्हणाली, दरसाल दाबून धरता अन् दरसाल सगळ्यात पडल्या भावात इकता. पिवळा पडते कापूस घरात.

गेल्या साली सरकारमुळे झालं. त्याच्या आदल्या साली अमेरिकेमुळे. सिद्धांताची चूक नाही. शिवाय पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस असला की घर भरल्यासारखं वाटतं, हे विमलला कोण सांगणार.

६ नोव्हेंबर, दुपार

चेहऱ्याची आवक बंद करायला सुरुवात. बस स्टॉपवर पोरांनी फ्लेक्स लावला आहे, मयूरी जिल्ह्यात पहिली आली तेव्हाचा. वर चौदा पुढाऱ्यांची डोकी, खाली कोपऱ्यात मयूरी. म्हणजे दोन महिने माझा माल फुकट वाटला जातो आहे! स्टूल घेऊन गेलो आणि तिच्या चेहऱ्यावर युरियाच्या पोत्याचा तुकडा चिकटवला.

शेजारचा पंढरी तिथंच बसला होता. महिपतकाका, पोट्टीचं तोंड काऊन झाकून राह्यले? काई बरंवाईट झालं का तिचं?

मी म्हटलं, हा धंदा आहे, तुला समजणार नाही. उतरताना स्टूल हललं. गुडघा सुजला आहे. मॅनेजरला एवढं चालायचंच.

८ नोव्हेंबर

मयूरीला सांगितलं, बसमध्ये तोंडाला स्कार्फ बांधायचा. धुळीसाठी बांधतेच, म्हणाली. मग मॅचमध्येही बांध, म्हटलं. ती म्हणाली, आबा, रेड मारताना कबड्डी कबड्डी म्हणावं लागते ना, श्वास कुठून घेऊ?

यात तथ्य आहे. मॅचपुरती सूट दिली. मॅनेजरनं लवचीक असावं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आदिलाबादला जाऊन प्रवीणला भेटलो. खुर्ची दिली. ताक दिलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून दोन ग्लास प्यायलो. मग हिंदीत सांगितलं, भाव दुप्पट.

तो हसला. काका, तुम मॅनेजर है क्या? मी म्हटलं, हौ. कात्रीचा मुद्दाही मांडला. चेहरा पाकिटाच्या खालच्या अंगाला पाहिजे, जिथं कात्री पोचत नाही. तो म्हणाला, सोचते. वीस तारखेपर्यंत सांगा, पाकिटं छापायला जायची आहेत.

वीस तारीख! दलालही असंच म्हणतो, गाडी निघाली, आत्ता द्या. गाडी दुसऱ्या दिवशीही तिथंच असते.

घरी मयूरी फाटकात उभी होती. काय म्हणे तो? मी म्हटलं, घाबरला आहे.

१३ नोव्हेंबर

पेपरवाले टीमचा फोटो काढायला कॉलेजात येणार असल्याचं वेळेवर कळलं. प्रतिभा मॅडमला फोन लावला, मयूरीचा चेहरा फुकट द्यायचा नाही. त्या म्हणाल्या, काका, पेपरवाले पैसे घेत नाहीत हो. मी म्हटलं, देतही नाहीत, तेच तर म्हणतो. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

मयूरीलाही फोन करून मागे उभं राहायला सांगितलं.

१४ नोव्हेंबर

फोटो आला. मयूरीचा फक्त कोपर दिसतो. कोपर फुकट गेला, पण चेहरा शाबूत राहिला. तिनं पेपर बघितला, घडी घातली आणि चुलीपाशी ठेवून दिला. समजूतदार पोर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आदिलाबादला मोठी मॅच. एवढे लोक शूटिंग करतात हे आधी कळलं असतं तर सोबत चार माणसं नेली असती. सगळ्या ग्राउंडभर मोबाईल! जो तो शूटिंग करतो आहे! उपरणं दोन्ही हातांनी ताणलं आणि लोकांच्या पुढं उभा राहिलो. मयूरी डावीकडे गेली की मी डावीकडे. ती उजवीकडे की मी उजवीकडे. लोक ओरडत होते. मीही ओरडत होतो. बंद करा, पैसे टाका, हा चेहरा विकायचा आहे!

मग शिट्टी वाजली. बघतो तर मी रेषेच्या आत. पंचानं समोरच्या टीमला एक पॉइंट दिला. माझ्या नावावर आयुष्यातला पहिला पॉइंट, तोही दुसऱ्यांना.

आम्ही एका पॉइंटनं जिंकलो, म्हणजे नुकसान काहीच नाही. परतीच्या बसमध्ये मयूरी खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असणार.

१७ नोव्हेंबर

पंढरीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मी, उपरणं, ओरडणं. त्याच्या मेव्हण्याला तो पार वांकिडी गावाहून आला म्हणे. पंढरीला उचकी लागेपर्यंत हसू येत होतं. मी पूर्ण बघितला. अख्ख्या व्हिडिओत मयूरी एकदाही दिसत नाही. संपूर्ण यश.

१८ नोव्हेंबर

प्रवीणचा फोन नाही. चांगलं लक्षण. गप्प बसलेल्या व्यापाऱ्याला भूक जास्त असते.

आज बस उशिरा आली. मयूरीची प्रॅक्टिस पुन्हा बुडाली. मॅडमनी तिच्या जागी दुसरी पोरगी उतरवून बघितली. मयूरी म्हणाली, आबा, परवा वीस तारीख हाय. मी म्हटलं, दम धर. ती म्हणाली, तुमी मॅनेजर हाय का माहे दुश्मन?

ती आत गेल्यावर विमल म्हणाली, तुमाले भाव नाई पायजे. तुमाले पोट्टी घरात पायजे.

विमलला धंद्यातलं काही कळत नाही. हे खरं तर लिहायचीही गरज नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटी मीच प्रवीणला फोन केला. म्हटलं, थोडं कमी करू. तो म्हणाला, काका, अब नक्को. त्यानं मयूरीचा फोटो दुकानादुकानांत दाखवून विचारलं होतं, ये कौन है. कोई पैचानताइच नै. ज्याला कोणी ओळखत नाही त्याचा फोटो छापून ताक कोण घेणार? पैले एक फ्लेक्स दिखता था, बोला, वो भी किसीने ढाक दिया.

कोणी झाकला ते त्यानं विचारलं नाही. मीही विषय वाढवला नाही.

मयूरी दारातच होती. तिनं बूट धुतले, पुसले आणि माळ्यावर टाकून दिले. मी म्हटलं, अजून व्यापारी येतील. तिनं शिडी जागेवर ठेवली. जेवली नाही. मी जेवलो, पण चव नव्हती. विमलनं मीठ कमी टाकलं असावं.

२१ नोव्हेंबर

पहाटे उठून बस स्टॉपवर गेलो. पोत्याचा तुकडा काढायचा प्रयत्न केला. गोंद पक्का होता. तुकड्याबरोबर मयूरीचं नाकही निघालं.

गुडघा दुखतो आहे. पोरगी कॉलेजला गेली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रवीणचा फोन! मी म्हटलं, आला ना वळणावर! तो म्हणाला, काका, लडकी नै, तुम.

नीट समजायला वेळ लागला. दुकानादुकानांत मयूरीला कोणी ओळखत नव्हतं, पण त्याच लोकांनी त्याला मोबाईल काढून दाखवला, वो उपरणेवाला बुड्ढा कौन है, मालूम क्या? त्याला माझा फोटो पाहिजे. एका बाजूला मी भडकलेला, दुसऱ्या बाजूला ताक पिऊन शांत. खाली लिहायचं, डोकं थंड ठेवा. तेलुगूत आणि मराठीत दोन्ही.

माझा चेहरा! एकाहत्तर वर्षं मी तो फुकट फिरवत होतो.

अर्थात पहिल्या बोलीला द्यायचा नव्हता. मी म्हटलं, सोचते. एवढ्यात मयूरीनं हातातून फोन घेतला. भाऊ, मी त्याहिची मॅनेजर बोलून राह्यली, म्हणाली. पैसे दर महिन्याच्या एक तारखेले हॉस्टेलच्या खात्यात. वर मले रोज दोन पाकिटं ताक. मंजूर असन तं आज बोला. तिकडून तो मंजूर म्हणाला. चहा उकळायच्या आत सौदा झाला.

मी म्हटलं, अगं, दाबून धरला असता तर. विमल म्हणाली, अजून किती पिवळं पडाचं हाय तुमाले?

चेहरा पाकिटावर कुठं येणार ते विचारायचं राहिलं. पुरुषाच्या बाबतीत तेवढं महत्त्वाचं नसतं.

२५ नोव्हेंबर

फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, गुस्सेमें आओ. मी म्हटलं, मी रागीट माणूस नाही. त्यानं दोन तास उन्हात बसवलं. मग राग आला. शांत चेहरा मात्र येईना. किती ताक प्यायलो. शेवटी मयूरी कॅमेऱ्यामागं जाऊन उभी राहिली आणि लहानपणी करायची तसं तोंड वेडंवाकडं केलं. तो फोटो चांगला आला म्हणतात.

येताना ती बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. गुडघा अवघडला, पण हललो नाही.

२८ नोव्हेंबर

मॅडमनी मयूरीला टीममध्ये परत घेतलं. अट एकच, सोमवारपासून हॉस्टेलला राहायचं. ही सगळी व्यवस्था अखेर माझ्यामुळेच झाली, हे मी पंढरीला सांगितलं. तो म्हणाला, खरं हाय काका. तरीही हसत होता.

१ डिसेंबर, सोमवार, संध्याकाळ

चारच्या बसनं मयूरी गेली. बॅग मी उचलली. कंडक्टरला सांगितलं, नात आहे, खिडकीपाशी बसव. तिनं खिडकीतून विचारलं, आबा, बरं वाटून राह्यलं ना? मी म्हटलं, एकदम. बस वळेपर्यंत हात हलवला, वळल्यावरही थोडा वेळ.

घरी येऊन ठरवलं, उद्या पहिल्या बसनं जाऊन हॉस्टेलचं जेवण तपासायचं. पैसे माझ्या चेहऱ्याचे, तेव्हा हक्क आहे. विमल म्हणाली, पोट्टीले जाऊन दोन घंटे नाई झाले. तरी प्रतिभा मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, काका, मुलींचं हॉस्टेल आहे. घरच्यांनी भेटायचा वार ठरलेला असतो. रविवार.

आज सोमवार.