गाडी बंद का पडत होती

प्रिय ठमे,

आधी वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने. निष्कर्षावर उडी मारण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे. एक, आपली जुनी गाडी गेल्या उन्हाळ्यापासून चालता चालता आचके देते आणि बंद पडते. दोन, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तुझी आई उपचारकेंद्रात आहे आणि येत्या रविवारी तिला सोडणार आहेत. तीन, तिला घरी न आणता कायमचे तुझ्याकडे न्यायचे, असे तू ठरवले आहेस, कारण, तुझ्याच शब्दांत, "रात्री-अपरात्री काही झालं तर बाबा तिला त्या खटाऱ्यातून नेणार कुठे? कोपऱ्यापर्यंत?" चार, तो खटारा आता बंद पडत नाही. का पडत होता हे मला उमगले आहे, आणि ते तुला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. तेव्हा हातातले काम बाजूला ठेव आणि सगळे वाच. मधला मजकूर गाळू नकोस.

गॅरेजवाल्याविषयी मी फार लिहीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे, एवढी साधी शिस्त ज्याला नाही, त्याच्या हाती पाना देणे हाच मुळात अविचार. त्याने प्लग, कॉइल आणि कार्बोरेटर तिन्हींना एकाच दुपारी हात घातला, आणि गाडी पुन्हा बंद पडल्यावर म्हणाला, "साहेब, वय झालं." कुणाचे, असे मी विचारले, तर गाडीकडे बघायचे सोडून तो माझ्याकडेच बघत राहिला.

मग मी स्वतः बाह्या सरसावल्या. लक्षणे अशी: सुरू होताना गाडी निमूट. थोडे अंतर उत्तम धावते. मग चढावर उचकी लागल्यासारखी अडखळते, थरथरते, आणि शेवटी मान टाकते. थोडा वेळ तशीच उभी ठेवली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. इंजिन तापते, निवले की चालते, असे गॅरेजवाल्यापासून जावईबापूंपर्यंत सगळे छातीठोकपणे सांगत होते. सांगायला काय जाते? बंद पडल्या क्षणी मी ठिणगी तपासली, लख्ख होती. कार्बोरेटर उघडला, तर आत पेट्रोल नाही. पंप काढून डब्यातले पेट्रोल ओढायला लावला, तर पठ्ठ्याने धार धरली. नळी मोकळी, पंप धडधाकट, टाकी भरलेली, आणि तरी इंजिन उपाशी. मी इतका वैतागलो की हात धुऊन तुझ्या आईकडे गेलो.

ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. व्यायाम करवून घेणाऱ्या बाई वॉकर घेऊन येत होत्या आणि तसाच परत नेत होत्या. दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते म्हणून मी तिला पंपाची हकिगत सांगितली. ती वळली. आठवड्यात प्रथमच, ठमे, ती आपणहून वळली, आणि म्हणाली, "टाकी फुल केली की लवकर बंद पडते, हे ध्यानात घेतलंत का?" मी म्हटले, जास्त पेट्रोलामुळे पेट्रोल कमी पडेल कसे? तर म्हणते, "ते तुम्ही शोधा. मी इतकी वर्षं शेजारी बसते, झोपा काढत नाही."

उत्तर मला व्हरांड्यातच सापडले. लहानपणी तू बाटली ओठांना घट्ट लावून पाणी ओढायचीस; थोड्या वेळाने बाटलीच ओठ ओढू लागायची. टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजले, तर आतली हवा ताणली जाते आणि पेट्रोल मागे खेचून धरते. टाकी भरलेली असेल तर वर हवा इवलीशी, म्हणून ताण लवकर येतो. आणि गाडी उभी राहिली की फटीफटीतून हवा हळूहळू झिरपते. लोक त्यालाच इंजिन निवणे म्हणत होते!

टाकी काठोकाठ भरली, चढ गाठला. गाडीने आचके देऊन मान टाकली, मी उतरून झाकण फिरवले, आणि टाकीने केवढा तरी लांब श्वास आत ओढला. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या हाकेला उठले, न निवता. एका खेपेवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. झाकण घट्ट लावून पुन्हा चढलो, पुन्हा बंद. सैल ठेवून चढलो, माथ्यापर्यंत एक उचकी नाही.

झाकणाच्या आत, त्या छिद्रावरच बसवलेली रबराची एक चकती निघाली, कडा अशा रेखीव कापलेल्या की कात्री कुणाची हे विचारायलाच नको. मी ती तुझ्या आईच्या पांघरुणावर ठेवली. जराही न ओशाळता ती म्हणाली, "बरणीचं रबर आहे. गेल्या उन्हाळ्यात पेट्रोलचा वास यायचा, म्हणून लावलं. तुम्हाला सांगितलं असतं तर वासावर व्याख्यान झालं असतं." आणि वर, "वास बंद झाला की नाही?" मी इतका हसलो की परिचारिका डोकावून गेली. काम मात्र निर्दोष होते, हे मी नोंदवतो.

पण माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवते थोडीच? "आवाज ऐकल्याशिवाय मी मानणार नाही." आणि तिने वॉकर मागितला. व्हरांडा ओलांडून, उतारावरून, गाडीपर्यंत ती चालत आली. त्या बाई मागे नुसत्याच हात पसरून. बॉनेटवर तळवा टेकून तिने ऐकले आणि म्हणाली, "उभी असताना अजून अडखळतेय." खरे होते, गॅरेजवाल्याने कार्बोरेटरचा स्क्रू भलताच फिरवून ठेवला होता. मी तो जुळवेपर्यंत ती उभी होती. उभी, ठमे.

खाटेवर परतल्यावर, एवढे दिवस का चालली नाहीस, असे मी विचारले. "चालून जायचं कुठे? लेकीकडे? मला माझ्या घरी जायचंय." मग तूच लेकीला तसे सांग, असे मी तिला म्हटले. तर म्हणाली, "तिने माझ्यासाठी खोली रंगवलीय, पडदे शिवलेत. तिला नाही कसं म्हणू? तुम्ही लिहा. तुम्हाला लोकांना नाही म्हणायची सवय आहे." म्हणून हे पत्र. रविवारी मी तिला आपल्या गाडीतून आपल्या घरी आणू इच्छितो. तुझी संमती मला लेखी हवी, रविवारच्या आत, आणि माझ्या नावे नको, तिच्या नावे. फोन करू नकोस. तुझा आवाज जरासा जरी भरून आला, तरी ती लगेच तुझ्याकडे यायला तयार होईल.

तुझाच, उत्तराची वाट पाहणारा,
बाबा