वत्सूची यादी आणि आमची बैठक

सौंसर
१४ डिसेंबर १९८६

प्रिय वत्सू,

सप्रेम जय भीम. तू आणि जावईबापू जबलपूरच्या थंडीत सुखरूप असाल. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघासुद्धा कुरकुरत नाही. पत्र जाडजूड आहे म्हणून घाबरू नकोस.

उन्हाळ्यात आलीस तेव्हा घराची नवी बैठक पाहून तू म्हणालीस, "बाबा, हा बसस्टँडचा मुसाफिरखाना आहे का?" भिंतींना रंग लागला, सोफा आला, म्हणजे बैठक झाली अशी माझी समजूत होती. जाताना तू वहीच्या पानावर यादी लिहून दिलीस: पडदे, गालिचा, फुलदाणी आणि कोपऱ्यात शोभेची एखादी वस्तू. तीस वर्षं बोरगावच्या शाळेत मी पोरांना गृहपाठ देत आलो. या वयात मला मिळाला. तो कसा केला ते सांगतो.

आधी पडदे. पांढुर्ण्याच्या बाजारातून मोरांचं कापड आणलं, चांगलं दाट, निळं. इथल्या शिंप्याकडे टाकलं. पडदे आले, मी स्टुलावर चढून स्वतः लावले, खाली उतरून बघतो तर सगळे मोर डोक्यावर उभे! तेवढ्यात शेजारच्या देवकाबाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काहून जी गुरुजी, मोरायले फाशी देली का?" शिंप्याकडे गेलो तर तो म्हणे कापडच उलटं छापलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मोरांची पिशवी घेऊन मी कन्याशाळेत शिवण शिकवणाऱ्या सुमनबाईंकडे गेलो. तू त्यांना ओळखत नाहीस. मूळच्या पांढुर्ण्याच्या, ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून इथे नोकरीला आहेत. गंभीर बाई म्हणून त्यांचा लौकिक आहे. त्यांनी पडदा उघडून धरला आणि इतक्या हसल्या की शाळेच्या पायरीवरच बसल्या. मी आधी ओशाळलो, मग मलाही हसू आवरेना. वत्सू, तुझी आई गेल्यावर चार वर्षांत मी एवढा हसलो नव्हतो.

त्यांनी मोर सरळ केले आणि पडदे नीट लागले की नाही ते बघायला स्वतः घरी आल्या. तोवर मी गालिचा आणला होता, लालभडक. तो अंथरल्यापासून बैठकीत कोणी बसेना. देवकाबाई भिंतीला पाठ घासत कडेकडेने स्वयंपाकघरात जायच्या. आपले प्रकाशकाका रोज सकाळी पेपर वाचायला यायचे, ते चपला हातात धरून ओसरीवरच उभे राहू लागले. सुमनबाई म्हणाल्या, "गुरुजी, माणसं बाहेर उभी अन् गालिचा आत बसून राहिला." त्यांनी तो गुंडाळून आतल्या खोलीत टाकला आणि स्वतःची जुनी सतरंजी आणून अंथरली. अर्ध्या तासात काका सोफ्यावर.

शोभेची वस्तू म्हणून मी पांढुर्ण्याहून मातीचं हरीण आणलं, गुडघ्याएवढं उंच, दोन शिंगांचं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, बकरीचं तिकीट लागंल." सगळी बस हसली. वाटेत एक खड्डा आला आणि एक शिंग गेलं. घरी येऊन मी ते डिंकाने चिकटवलं, पण घाईत उलटं. आता येणारा प्रत्येक जण विचारतो, बकरी कुठून आणली? सुमनबाई त्याच्यापुढे पाच मिनिटं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "राहू द्या. याच्यापाशी बसलेला माणूस खोटं बोलणार नाही." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण हरीण राहिलं.

आता एक कबुली. यादीतली फुलदाणी मी मुद्दाम वाईट आणली. गुलाबी काचेची, वर सोनेरी बदक. बैठक जवळजवळ पुरी झाली होती आणि सुमनबाईंना घरी यायला काही कारण उरलं नव्हतं. त्या आल्या, त्यांनी फुलदाणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, हे तुम्ही चुकून नाही आणलं." वर्गात खोटं बोलणारं पोर मी तोंडावरून ओळखतो. त्या दिवशी माझं तोंड कसं दिसत असेल ते तूच ठरव.

मग त्यांनी तुझ्या आईचा फोटो मागितला. तो मी आतल्या खोलीत ठेवला होता, बैठकीत आणायचा धीर झाला नव्हता. त्यांनी काच पुसली, सुकलेला हार काढला आणि म्हणाल्या, "त्या तर हसून राहिल्या जी. हाराखाली दिसतच नव्हतं." फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावला, सरळ आहे का ते दोनदा मागे जाऊन बघितलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

वत्सू, चार पानं मी पडदे आणि गालिचे लिहीत बसलो, कारण पाचवं पान लिहायची हिंमत होत नव्हती. मी चोपन्न वर्षांचा आहे. गेल्या रविवारी मी सुमनबाईंना लग्नाचं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आधी लेकीले विचारा. तिच्या मनात नसंल तर मी तिच्या आईच्या घरात पाय ठेवणार नाही." म्हणून विचारतो आहे. तुझ्या आईची जागा कोणी घेणार नाही, हे मी लिहायला नको, तरी लिहितो. तुला पटलं नाही तर राग मानणार नाही, पुन्हा विषयही काढणार नाही. फक्त एक कर. नाही म्हणायचं असेल तर आंतरदेशीय पत्र चांगलं चिकटवून पाठव, मी एकटाच वाचीन. हो म्हणायचं असेल तर पोस्टकार्ड टाक. आपला पोस्टमन पोस्टकार्डं वाचल्याशिवाय देत नाही. माझ्या हाती यायच्या आधी ते सगळ्या सौंसरला कळू दे.

वाट पाहणारा,
तुझाच
बाबा