अर्धा राहिलेला उतारा

१८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. वहिनीने पाठवलेले स्वेटर मिळाले. जरा मोठे होतात, पण चालतील.

एवढं लिहून कागद दोन दिवस पडून होता. आता खरं लिहिते. राग आला तर येऊ दे.

मुलांनी रोज बायबल वाचावं म्हणून तू गावोगाव भाषणं करतोस. चळवळीचा सचिव आहेस. आणि मेळाव्यात, रोज न चुकता वाचणाऱ्या त्या शिंपीणबाईंच्या मुलीला चारशे माणसांसमोर "बस बाळ, छान झालं" म्हणून गप्प केलंस! माईक काढून घेतलास! ती अडखळते हे मी तुला आधीच सांगितलं होतं. वादळाच्या उताऱ्यात 'वारा' या शब्दावर ती अडकली होती, तिचं वाचून झालं नव्हतं. पाहुण्यांना उशीर झाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

वर मेळाव्याच्या अहवालात तिचाच फोटो, पहिल्या पानावर. जनाची नाही, मनाची तरी?

शनिवारी ती माझ्या वाचनवर्गाला आली नाही, म्हणून मी घरी गेले. तिची आई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "चार महिने हातातलं काम थांबवून मी तिचं वाचन ऐकलं, बाई. तुम्हाला चार मिनिटं थांबता आलं नाही?"

तुम्हाला, म्हणाली. बरोबरच आहे. तिला हाताला धरून स्टेजवरून खाली मी नेलं, दादा. तू नुसतं डोळ्यांनी खुणावलंस आणि मी उठले, लहानपणापासून उठते तशी. ती हात सोडवू बघत होती. मी आणखी घट्ट धरला. हे दहा दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी मुलीची माफी मागितली. तिने उठून बायबल उघडलं. मग म्हणाली, "पु-पुढचं ऐकणार?"

उभ्यानेच वाचलं तिने, शेवटच्या ओळीपर्यंत.

शनिवारचा वर्ग आता त्यांच्याच खोलीत भरेल. चळवळीच्या हॉलची किल्ली आणि वर्गाची नोंदवही सोबत पाठवते आहे. तू ये, पण सचिव म्हणून नको. तिच्यासमोर जमिनीवर बस आणि पहिल्या शब्दापासून ऐक. तोवर आईकरवी निरोप धाडू नकोस. मी उत्तर देणार नाही.

तुझीच, आणि तुझ्यावर आहे तितकीच स्वतःवर चिडलेली,
धाकटी