सेबूचं कुलूप आणि बाबांची मोगरी

पाचूबंदर, वसई
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय सेबू,

देव तुला आणि क्रिस्टिनाला सुखात ठेवो. इकडे आय बरी आहे आणि मी आयच्या तोंडाला तोंड देत बरी आहे.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर माझी एकच टिक येते. पण तुमच्या आचोळ्याला टपाल पोचतं, हे पोस्टातल्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलंय. नऊ वर्षं झाली, आता टपालाची पाळी.

उद्या नारळी पौर्णिमा. बंदरावर बोटी रंगवून तयार आहेत. आयला आता फक्त रंगांचे डाग दिसतात. मागच्या आठवड्यात ती बसल्या बसल्या म्हणाली, "रेजी, मला न्याल तवा माज्या लग्नाच्या लुगड्यात न्या." मी म्हटलं, अजून वेळ आहे गो. "येल हाय का नाय ता देवाला ठाव. लुगडं आताच काढून ठेव."

लुगडं बाबांच्या सागाच्या पेटीत आहे आणि पेटीला तुझं कुलूप आहे. तू जहाजावरच्या पहिल्या नोकरीवरून आणलेलं, ते पितळेचं. चावी नाही, हे तुला ठाऊकच आहे.

मी म्हटलं, वालीवहून कटर आणते, दोन मिनिटांचं काम. म्हातारीने काठी उचलली रे! "माज्या सेबूनं आनलेला कुलूप हाय. त्याला करवत लावशील तर मेल्यावर पन तुज्याशी बोलनार नाय."

मग मी पण तिचीच मुलगी. ठरवलं, कापायचं नाही, फोडायचं नाही, आणि तरी उघडायचं.

हसू नकोस. अकरा वर्षं मी वालीवला कुलपाच्या कारखान्यात पिना भरते. आमच्याकडच्या भूपेशला, म्हणजे आमच्या फोरमनला, एक वेड आहे. रविवारी तो आणि त्याचे तीन-चार मित्र बंद कुलपं घेऊन बसतात आणि मूळ चावीशिवाय उघडतात. निव्वळ हौस, दुसरं काही नाही. नियम एकच, कुलूप आपलं स्वतःचं हवं. मी त्याला म्हटलं, मला शिकव. तो म्हणाला, "ताई, या वयात?" मी म्हटलं, या वयात चोर कोण म्हणणार मला? शिकव गप.

तर कुलपात स्प्रिंगवर पाच पिना असतात. खास घासलेली चावी घालायची आणि तिच्या डोक्यावर टोला द्यायचा. पिना क्षणभर उडतात, तेवढ्यात चावी फिरली पाहिजे. सांगायला सोपं. पण सगळं अडतं ते कशाने मारायचं यावर. हातोडीने मारलं तर चावीच वाकली. पळीने मारलं तर पिनांना पत्ताच नाही. लाटणं वजनाला बरं, पण आपटलं की तिथेच बसतं, उडून मागे येत नाही. चपलेने मारलं तेव्हा आय आतून ओरडली, "झुरळ मेला का गो?" भूपेश स्क्रूड्रायव्हर उलटा धरून प्लास्टिकच्या मुठीने मारतो. त्याच्या हाताला ते बसलंय, माझ्या नाही.

शेवटी मी माझं हत्यार केलं. जाळ्याची चार शिशं घेतली, सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळली आणि वेताच्या काठीच्या टोकाला बांधली. वेत लवतो, शिसं बसतं आणि आपोआप मागे येतं. कारखान्यातलं टाकाऊ कुलूप दहापैकी सात वेळा उघडलं! भूपेशने फोटो काढला.

तुझं कुलूप मात्र हलत नाही. उघडेल. मी सोडणार नाही.

तुझी बाय,
रेजिना

---

पाचूबंदर
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय सेबू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होते.

आय मोरीत पडली. हाड मोडलं नाही, पण उठत नाही आणि जेवण चार घासांवर आलंय. गुरुवारी फादर येऊन तिला शेवटचं पवित्र तेल लावून गेले. ते गेल्यावर मला म्हणते, "मना तेल लागला, आता लुगडं काढ." सेबू, मला रडू आलं आणि रागही आला. रडत रडत पुन्हा कुलपाशी बसले.

महिनाभर रोज संध्याकाळी ठोकते आहे. शेजारची ग्लोरिया खिडकीतून विचारते, "रेजी, आज कुठे घरफोडी?" मी म्हणते, तुझ्याकडेच येणार होते, पण तुझ्याकडे आहे काय! वेताऐवजी बांबू लावून पाहिला. शिशं चारची तीन केली. ट्यूब काढून चामडं गुंडाळलं. पोळपाटाचा तुटलेला पायसुद्धा वापरला. काही नाही. ठक्क, आणि पुन्हा ठक्क.

काल कुलूप नाकाशी धरलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुशीच्या तेलाचा वास! आयला विचारलं तर अभिमानाने सांगते, "दर पावसाल्याला घालते मी. खाऱ्या वाऱ्यानं गंजला असता ना तुज्या भावाचा कुलूप." बोटीच्या फळ्यांना लावायचं ते माशाचं तेल, नऊ पावसाळे कुलपात! आत सगळा डिंक झालाय. पिना चिकटून बसल्यात, त्या उडतील कशा? आणि मी खुळी महिनाभर हत्यारं बदलत बसले. भूपेश म्हणाला, रॉकेल घाला, कोंबडीच्या पिसाने फिरवा, चार दिवस धीर धरा. धीर धरते आहे.

मुशीच्या तेलावरून बोट आठवली. तुला कुणी सांगितलं का ठाऊक नाही, आपली 'सांत पेद्रू' गेली. कागद पेटीत अडकले, आय कुलपाला हात लावू देईना, परवाना नाही, डिझेल नाही. किनाऱ्यावर उभ्या उभ्या कुजली. गेल्या मे महिन्यात शेवटच्या फळ्या कुणीतरी सरपणाला नेल्या. तू तिला विकणार होतास. मी म्हटलं होतं, बाबांची बोट विकायची नाही. मग बघ, विकलीही नाही आणि चाललीही नाही.

बाबा पावसात बोट वर ओढली की लाकडी मोगरीने फळी न् फळी वाजवून बघायचे, आठवतं? कान लावून. कुठे कुजलंय ते आवाजावरून सांगायचे. हल्ली टोला देताना मला तीच मोगरी आठवते. मूठभर डोकं, बाभळीची, हातात घेतली की आपली आपणच मागे यायची. तसं वजन हवंय मला. चिकूच्या लाकडाची करून पाहिली, जमली नाही. ती कुठे गेली देव जाणे.

आणखी लिहायचं होतं. त्या दिवसाबद्दल. लिहिलं आणि कागद फाडला, म्हणून हे पत्र दुसऱ्या कागदावर आहे.

आयला भेटून जा रे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

बाय

---

पाचूबंदर
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

सेबू,

तुझं पार्सल मिळालं. चिठ्ठी नाही, नाव नाही, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बाबांची मोगरी. म्हणजे तू पत्रं वाचतोस! आणि जाताना घरातून एवढी एकच वस्तू नेलीस. मी टॉवेल घेऊन ओट्यावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही. ग्लोरिया धावत आली, तिला वाटलं आय गेली.

रॉकेलने कुलपातला डिंक सुटला होता, फक्त टोला नीट बसत नव्हता. शनिवारी दुपारी आयची खाट पेटीजवळ ओढली. मोगरीवर शिसं नाही, ट्यूब नाही, काही बांधलं नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने चावीवर हलका ताण ठेवला आणि टोला दिला. पहिला जोरात गेला. दुसरा हळू. तिसऱ्याला आत काहीतरी हललेलं कळलं. तेव्हा बाबांसारखा कान जवळ नेला, श्वास धरला आणि चौथा टोला दिला. चावी फिरली रे! आकडा उडून माझ्या हनुवटीला लागला.

मी ओरडलेच. आय म्हणाली, "दे इकडं." तिने आकड्यावरून बोटं फिरवली, कुलपाच्या अंगावरून फिरवली, कुठे ओरखडा आहे का ते बघितलं. मग म्हणाली, "नाय कापलंस." लुगडं काढून दिलं तर गालाला लावून बसली. आता तिच्या उशीखाली आहे.

पेटीत खाली निळी पिशवी दिसली. बोटीचे कागद असावेत. हात लावला नाही. लुगडं काढलं आणि कुलूप पुन्हा दाबून बंद केलं. का, ते सांगते. आता कागद फाडणार नाही.

चावी हरवली नव्हती. बाबा गेले त्याला महिना झाला, त्या मिसाच्या दिवशी तू बोटीला अर्नाळ्याचं गिऱ्हाईक घेऊन आलास. तू आंघोळीला गेलास तेव्हा मी तसबिरीमागून कुलपाच्या दोन्ही चाव्यांची कडी काढली, पदरात लपवली आणि जेटीवर गेले. मासळीचा लिलाव होतो त्याच्या पुढच्या पायरीवरून पाण्यात टाकली. परत आले आणि तुझ्याबरोबर तीन तास शोधली. कोंबड्यांच्या खुराड्यात वाकून शोधली मी, इतकी निर्लज्ज. आणि तू मला सरळ विचारलंस, "बाय, तू घेतलीस का?" तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मी कशाला घेऊ? सेबूकडेच असेल, कागद आधीच काढून घेतले असतील त्याने, त्यालाच घाई आहे."

घरातल्या पाहुण्यांनी तुला चोर ठरवलं ते माझ्या त्या एका वाक्यावर. तू पायात चपला घालत होतास, मी दारात उभी होते आणि गप्प राहिले. बोट वाचवायची होती मला. बोट गेली, तू गेलास, आणि आय नऊ वर्षं त्या कुलपात तेल घालत बसली, सेबू आला की चालायला हवं म्हणून.

आयला काल सांगितलं. तिने दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड फिरवून ठेवलं. मग पेज मागितली. ग्लोरियालाही सांगितलं, कारण त्या दिवशी ती तिथे होती. ती म्हणाली, "मेले, मग मी इतकी वर्षं त्या पोराला काय काय बोलले!" उरलेल्यांना या रविवारी सांगणार आहे. सकाळच्या मिसानंतर चर्चच्या अंगणात, जे जे तेव्हा आपल्या घरात होते त्या एकेकाला गाठून. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी.

रविवारी, २० तारखेला, मी पेटी पुन्हा उघडणार आहे. तुझ्यासमोर. पिशवीत काय आहे ते तू आधी बघायचंस, मी नाही. मोगरी तयार आहे आणि आता माझा हात बसलाय, चार टोल्यांच्या वर लागणार नाहीत. तुला वाटलं तर तू मार. बाबांचा कान तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आला आहे.

जेवायला बोंबलाचं कालवण करते. कुलूप बंद आहे. आय जागी आहे.

चावी जिने पाण्यात टाकली, ती तुझी बहीण,
रेजिना