दादाचं वजन आणि माझा प्लॅन

३ मार्च
दादाला घरी आणलं. डॉक्टर म्हणतात, आता कॅन्सरवर इलाज नाही, त्रास कमी करायचा. म्हणजे सरळ हात वर केले. वीट आला या लोकांचा. वजन सत्तेचाळीस. मी जिम चालवतो, काडीपैलवानांचे दंड फुगवलेत. सख्ख्या भावाचं काय घेऊन बसलात? दर दोन तासांनी प्रोटीन शेक, मध्ये अंडी. महिन्याभरात दादा शर्टात मावणार नाही.

४ मार्च
दोन घोट पोटात, बाकी माझ्या टी-शर्टवर. शी. आंघोळ केली तरी व्हॅनिलाचा वास जात नाही. फ्लेवर चुकला. उद्यापासून चॉकलेट.

६ मार्च
चॉकलेटही टी-शर्टवर. वहिनी म्हणते, भाऊजी, त्यांना भूकच लागत नाही, बळजबरी नको. या लाडांनीच वाट लावलीये. दादाला दम दिला. तो म्हणाला, तूच पी. प्यालो. महागाची पावडर, फेकणार कशी? भयाण चव.

९ मार्च
घरी येणारी सिस्टर डोक्यात जाते. म्हणे, शरीरच आता अन्न घेत नाहीये, मागतील तेवढंच द्या, तोंड सुकलं तर बर्फाचा खडा द्या. मी विचारलं, बर्फात प्रोटीन किती? नुसती हसली. असल्यांना सर्टिफिकेट देतं कोण?

१३ मार्च
दादा हल्ली फार झोपतो. मी चमचा घेऊन खोलीत गेलो की डोळे मिटलेलेच. उत्तम लक्षण. स्नायू झोपेतच वाढतात, हे मी जिममध्ये घसा फोडून सांगतो. तरी उठवून भरवतोच.

१७ मार्च
जिंकलो. दादाला धरून काट्यावर उभं केलं. पन्नास! वहिनीला बोलावून दाखवलं. तिने दादाला धरून पलंगावर नेलं. कौतुक करायला जीभ जड होते लोकांची. उद्या सिस्टरची जिरवतोच.

१८ मार्च
बाईने काट्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दादाच्या पायावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. म्हणाली, हे पाणी आहे, पायात आणि पोटात साठलंय. दंड बघा म्हणाली. बघितले. माझ्या मनगटाएवढेही नाहीत. मी रोज तोंडाकडेच बघत होतो, ते उघडतंय का एवढंच.
संध्याकाळी शेक ढवळायला घेतला. हाताला तोच वास. माझीच शिसारी आली. सिंकमध्ये ओतला.

१९ मार्च
रिकाम्या हाताने गेलो. दारातून ऐकू आलं, दादा वहिनीला आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांची नक्कल करून दाखवत होता. चांगला जागा होता. मला बघितलं आणि डोळे मिटले.
मी उभाच. थोड्या वेळाने त्याने एक डोळा उघडला, माझे हात बघितले. चमचा नाही ना आणलास, विचारलं. नाही म्हटलं. मग बस म्हणाला. बर्फ मागितला, मी दिला, त्याने चोखला. टी-शर्ट कोरडा राहिला.
बराच वेळ सरांबद्दल बोलत होता. मग म्हणाला, घरी आल्यापासून आज पहिल्यांदा भेटलास.